उशिरा कळलेली परीक्षा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संस्थेचा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात, असेच आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या मनात प्रथम आले. पहाटे पाचची घंटा, रांगेतली आंघोळ, अभ्यासिकेतील लांब सतरंज्या आणि वरच्या वर्गातील दादांनी कान धरून करून घेतलेले पाढे, हे सारे लिहिण्यासारखेच आहे. परंतु त्या आठवणी लिहिणारे हात या अंकात पुष्कळ असतील. आम्हांस येथे एका वेगळ्या प्रश्नाकडे समाजाचे, पालकांचे आणि आमच्याच पिढीच्या माजी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधायचे आहे. आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेली मुले-मुली आज पदवीच्या शेवटच्या वर्षात पोहोचत आहेत. त्यांच्यापुढे पदव्युत्तर शिक्षणाची दारे आहेत. आणि त्या प्रत्येक दारावर आता एक प्रवेश परीक्षा उभी आहे.

आम्ही काही जण गेली काही वर्षे जळगाव आणि धुळे येथे रविवारच्या सुटीत अशा मुलांसोबत बसतो. या बैठकांतून जे दिसले ते एका वाक्यात सांगता येईल : आपली मुले परीक्षेत मागे पडतात त्याआधीच ती तारखेत मागे पडलेली असतात. ज्या परीक्षेची तयारी शहरातील विद्यार्थी आदल्या जुलैपासून करतो, तिची वार्ता आपल्या मुलाला जानेवारीच्या अखेरीस, अर्जाची मुदत संपता संपता मिळते. मग हातात उरतात जेमतेम सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत काय करता येते आणि ते सहा आठवडेच का उरतात, या दोन्ही गोष्टींविषयी आम्हांस बोलायचे आहे.

परिस्थिती कशी बदलली, हे पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पदवीचे गुणपत्रक हाती घेऊन विभागात जायचे, गुणानुक्रमे यादी लागायची आणि प्रवेश मिळायचा किंवा हुकायचा. आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे गिरणेकाठचे हे विद्यापीठ आपल्या मुलांना जवळ आहे, त्याचे मोल मोठे आहे, आणि तेथे शिकून उत्तम काम करणारे आपले अनेक माजी विद्यार्थी आहेत. परंतु ज्याला दिल्ली, हैदराबाद वा वाराणसीच्या केंद्रीय विद्यापीठात जायचे आहे, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकायचे आहे, त्याला २०२२ पासून सुरू झालेली सामाईक प्रवेश परीक्षा, जिला मुले सीयूईटी-पीजी म्हणतात, तिच्यातून जावे लागते. अभियांत्रिकीच्या पुढच्या शिक्षणासाठी गेट आहे, विज्ञानासाठी जॅम आहे, व्यवस्थापनासाठी कॅट आणि राज्याची सीईटी आहे. जवळचे विद्यापीठ निवडणे आणि दुसरे काही ठाऊकच नसल्याने तेथे जाणे, यांत फरक आहे. आमचा आग्रह एवढाच की, आपल्या मुलांना निवड करता यावी.

आता वार्ता उशिरा का पोहोचते ते पाहू. सीयूईटी-पीजीचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास भरले जातात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. हेच दिवस आपल्याकडे कसे असतात? महाविद्यालयात स्नेहसंमेलन आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर. शेतात कापसाची शेवटची वेचणी, पाठोपाठ दादर आणि हरभऱ्याची काढणी. ज्यांच्या घरी स्वतःची शेती नाही, त्यांच्या घरी मजुरीचे हेच चार पैसे मिळण्याचे दिवस. घरातील पदवीधर होऊ घातलेली मुलगी असेल तर तिला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांचेही हेच दिवस. या गर्दीत विद्यापीठाबाहेरच्या एखाद्या परीक्षेची सूचना महाविद्यालयाच्या फलकावर लागलीच, तरी ती वाचणार कोण आणि वाचून समजावणार कोण?

दोन वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातील एका गावची आपली माजी विद्यार्थिनी आमच्याकडे आली, तेव्हा अर्जाच्या मुदतीचे तीन दिवस उरले होते. पदवीला तिला प्रथम श्रेणीचे गुण होते. आधार कार्डावर वडिलांचे नाव एका प्रकारे आणि गुणपत्रकावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले. छायाचित्र आणि सही ठरलेल्या आकारात बसेना. शुल्क भरायला घरात पैसे होते, पण ते रोख होते. दोन दिवस ती बसच्या फेऱ्या मारीत राहिली आणि तिसऱ्या दिवशी रात्री अर्ज अपुरा राहिला. परीक्षेत ती नापास झाली असती तर आम्हांस एवढे वाईट वाटले नसते. तिला परीक्षेला बसताच आले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, असे आम्ही म्हणालो. परंतु मजुरीवर चालणाऱ्या घरात एक वर्ष थांबणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. त्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. तिला आमच्याकडे येण्यास उशीर झाला, असे आम्ही बरेच दिवस म्हणत राहिलो. तिच्यापर्यंत पोहोचण्यास आम्हांस उशीर झाला, हे कबूल करायला त्याहून अधिक वेळ लागला.

अपुऱ्या मुदतीत अभ्यास करणे हा आपल्या इतिहासातील नवा प्रसंग नव्हे. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले ते मोजक्या वर्षांच्या बोलीवर. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. पूर्ण केले, १९१६ मध्ये लंडन गाठले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतले. या कथेतील त्यांच्या परिश्रमांविषयी आपण नेहमी बोलतो. तिच्यातील दोन गोष्टी मात्र दुर्लक्षित राहतात. एक अशी की, लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन प्रबंध सादर करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. म्हणजे मुदतीचा विचार त्यांनी आधी केला. दुसरी अशी की, सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठवलेल्या पैशांना छत्रपती शाहू महाराजांच्या साहाय्याची आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून मिळालेल्या कर्जाची जोड मिळाली, तेव्हाच १९२० मध्ये ते परत जाऊ शकले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यानंतरच्या. एवढ्या असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यालाही तारीख सांभाळावी लागली आणि कुणाचा तरी हात लागला, तर आपल्या गावातील सामान्य मुलाने हे सारे एकट्याने करावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करतो?

आता त्या सहा आठवड्यांविषयी. वार्ता उशिरा कळली म्हणून परीक्षेस बसूच नये, असे आम्ही म्हणत नाही. थोड्या वेळात अनेकांनी चांगले यश मिळवल्याचे आम्ही पाहिले आहे. मात्र थोड्या वेळाचा अभ्यास हा पुष्कळ वेळाच्या अभ्यासाची घाईने केलेली नक्कल असू नये.

प्रथम हिशेब करावा. पदवीचे तास, घरची कामे वा दुकानातील नोकरी सांभाळून दिवसाला तीन तास निघतात, असे धरू. पहाटे दोन आणि रात्री एक. आठवड्यातील सहा दिवस याप्रमाणे सहा आठवड्यांत १०८ तास होतात. एवढ्या तासांत संपूर्ण अभ्यासक्रम होत नाही, हे पहिल्याच दिवशी मान्य करावे. त्यानंतर अधिकृत अभ्यासक्रम समोर ठेवून प्रत्येक घटकापुढे खूण करावी : येणारा, अर्धवट येणारा, मुळीच न येणारा. आमचा अनुभव असा की, मुले भीतीपोटी मुळीच न येणाऱ्या घटकांवर तुटून पडतात आणि पंधरा दिवसांत खचतात. वास्तविक गुण सर्वांत लवकर वाढतात ते अर्धवट येणाऱ्या घटकांत. १०८ पैकी ६० तास त्यांना द्यावेत. ३० तास मागील प्रश्नपत्रिका सोडवणे आणि तपासणे यासाठी राखावेत. उरलेले १८ तास नव्या घटकांपैकी वारंवार विचारल्या जाणाऱ्या दोन-तीन घटकांना द्यावेत. बाकीचे सोडून द्यावे आणि सोडल्याचा खेद करू नये.

पहिली जुनी प्रश्नपत्रिका पहिल्याच आठवड्यात, काहीही तयारी नसताना सोडवावी. गुण कमी पडतील, पडू द्यावेत. प्रश्न कसे विचारतात हे कळल्यावाचून केलेले वाचन वाया जाते. शेवटच्या दोन आठवड्यांत दिवसाआड पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी आणि चुकांची एक वेगळी वही ठेवावी. वहीत बरोबर उत्तर लिहून भागत नाही. चूक का झाली ते लिहावे. प्रश्न वाचण्यात घाई झाली, संज्ञा कळली नाही, की विषयच ठाऊक नव्हता? या तीन आजारांची औषधे निरनिराळी आहेत.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, या भीतीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. सीयूईटी-पीजीच्या अलीकडच्या रचनेत ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. चार पर्यायांपैकी दोन निश्चित चुकीचे आहेत हे ओळखता आले, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडण्यात सरासरीने दीड गुणाचा लाभ आहे. तरीही आपली मुले असे प्रश्न कोरे सोडतात, कारण ‘निगेटिव्ह मार्किंग’ हा शब्दच त्यांच्या मनात बसलेला असतो. याउलट गेटमध्ये एका गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नाला चुकल्यास एक तृतीयांश गुण जातो, म्हणून तेथे डोळे मिटून उत्तर देण्यात काही हाती लागत नाही. परंतु ज्या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत लिहायची असतात, त्यांना गुण वजा होत नाहीत. राज्याच्या एमबीए सीईटीमध्ये तर आजवर चुकीच्या उत्तराला दंड नाही. तेथे १५० मिनिटांत २०० प्रश्न आहेत आणि खरा शत्रू वेळ आहे. रचना बदलू शकते, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ऐकीव नियमांवर विसंबू नये.

आणखी एक अडचण भाषेची. आपल्या घरांत अहिराणी, तावडी, पावरी बोलली जाते. शाळेत आपण मराठी शिकलो. सीयूईटी-पीजीच्या बहुतेक प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीत असतात. विषय उत्तम येत असूनही मूल अडते ते संज्ञेपाशी. आपण ज्याला चलनवाढ म्हणतो, त्याला तेथे हिंदीत मुद्रास्फीति आणि इंग्रजीत इन्फ्लेशन म्हटलेले असते. आपले मूलभूत हक्क तेथे मौलिक अधिकार आणि फंडामेंटल राइट्स होतात. उपाय सोपा आहे. पहिल्या दिवसापासून वहीच्या पानाचे तीन भाग करावेत आणि प्रत्येक संज्ञा मराठी, हिंदी, इंग्रजी अशी शेजारी शेजारी लिहावी. रोज दहा संज्ञा केल्या, तरी सहा आठवड्यांच्या ३६ दिवसांत ३६० होतात आणि बहुतेक विषयांना तेवढ्या पुष्कळ झाल्या.

हे सारे एकट्याने करणे कठीण आहे, आणि येथेच आमच्या मुख्य मुद्द्याकडे यावे लागते. आमच्यापैकी कुणीही शाळेत असामान्य बुद्धीचा नव्हता. तरीही आम्ही शिकलो, कारण पहाटे पाचला उठणारे आम्ही एकटे नव्हतो. ज्याला गणित येई तो दुसऱ्याला सांगे; ज्याला झोप येई त्याला शेजारचा हलवून जागे करी. दहावीनंतर हेच मूल जळगावात वा धुळ्यात भाड्याच्या खोलीत एकटे पडते. मोबाइलवर माहितीचा पूर असतो, पण त्यातील कोणती आपली हे सांगणारा दादा नसतो, ताई नसते. संस्थेने आम्हांस दहा वर्षे सांभाळले. त्या पुढची पाच वर्षे सांभाळणे हे माजी विद्यार्थ्यांचे काम आहे.

काही स्नेही म्हणतात की, ज्याला शिकायचे आहे तो माहिती शोधून काढतोच. हे म्हणणारे बहुधा आपल्याला कुणी माहिती दिली होती, हे विसरलेले असतात. दुसरे म्हणतात की, पुण्याच्या एखाद्या शिकवणी वर्गाचे शुल्क समाजाने भरावे. पैसा अवश्य जमवावा. परंतु जानेवारीत जाग आलेल्या मुलाला महागडा वर्गही फारसा उपयोगी पडत नाही. शासनाच्या संस्था आहेत : पुण्याची बार्टी १९७८ पासून आहे, आता सारथी आणि महाज्योती आहेत, आदिवासी मुलांसाठी स्वतंत्र संस्था आहे. त्यांच्या योजनांचा लाभ घ्यावाच. पण त्या योजनांनाही अर्ज आहेत आणि त्या अर्जांनाही मुदती आहेत. गाडी पुन्हा तारखेपाशीच येऊन थांबते.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना दिनदर्शिकेची. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्यास आले होते. त्या भेटीच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपला समाज मोठ्या संख्येने जमतो. कॅट आणि गेटचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, त्यामागोमाग जॅमचे, आणि डिसेंबर-जानेवारीत सीयूईटी-पीजीचे. म्हणजे परीक्षांचे वर्ष ३१ जुलैच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होते, असे म्हणता येईल. त्या दिवशी प्रत्येक पदवीधर होऊ घातलेल्या मुलाच्या हाती एका पानाची दिनदर्शिका द्यावी : परीक्षेचे नाव, अर्जाचा अपेक्षित महिना, लागणारी कागदपत्रे आणि आपल्या तालुक्यातील एका माजी विद्यार्थ्याचे नाव. नावातील चुका, जातीचे प्रमाणपत्र, ओबीसी मुलांसाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र, ही कामे दिवाळीपूर्वी उरकावीत.

दुसरी सूचना जागेची. आता बहुतेक प्रवेश परीक्षा संगणकावर होतात. मोबाइलवर सराव केलेले मूल परीक्षेच्या दिवशी प्रथमच माउस हाती धरते, ही गोष्ट घडते आणि ती लज्जास्पद आहे. मुलासाठी नव्हे, आपल्यासाठी. शाळेचा संगणक कक्ष रविवारी पदवीच्या मुलांना खुला करावा. देखरेखीस आम्ही आळीपाळीने येऊ.

तिसरी सूचना पालकांना, आणि ती हात जोडून केलेली आहे. मुलगा वा मुलगी शेवटच्या वर्षात असेल, तर जानेवारी ते मार्च हे तीन महिने तिला द्या. पाहुणे एप्रिलमध्ये येऊ द्यात. काढणीला एक मजूर अधिक लावावा लागला, तर तो खर्च शिक्षणाचाच समजा. हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, याची आम्हांस जाणीव आहे. आमच्याच आई-वडिलांनी ते केले म्हणून आम्ही हा लेख लिहू शकत आहोत.

यंदाच्या जानेवारीत आपल्या घराशेजारी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे मूल असेल, तर ते कोणत्या जातीचे वा कोणत्या शाळेचे हे न पाहता त्याला थांबवून एवढेच विचारावे : “फारम भरा का भो?” उत्तर नाही असे आले, तर त्याच दिवशी त्याच्यासोबत बसावे. आम्हांस त्या धुळ्याकडच्या मुलीला हा प्रश्न ऑक्टोबरमध्येच विचारता आला असता. आम्ही तो विचारला नाही. या लेखाचे कारण तेवढेच आहे.